नातेवाईक असल्यास अपात्र

किताउरा नगरपालिकेच्या जीवनसाहाय्य शाखेत आम्ही कुणाचाही अर्ज नाकारत नाही. नाकारला तर कारण लिहावं लागतं, कारण लिहिलं की अपील होतं आणि अपील झालं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली येतं आणि त्याला चहा पाजावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे अर्जदार स्वतःच अर्ज मागे घेतो. हा निर्णय त्याने शांतपणे, विचारपूर्वक आणि शक्यतो जेवणाच्या सुट्टीआधी घ्यावा, यासाठी लागेल ते सहकार्य करणं हे माझं काम. मी शिओझाकी, वरिष्ठ लिपिक. या कामाबद्दल मला दोनदा शाबासकी मिळालेली आहे.

हिसानोबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बर्फ पडायला अजून अवकाश होता, पण वारा सुटला होता. वय पंचाहत्तरीपुढे. नवरा मासळीच्या कारखान्यात होता, तो गेला. बाईंनी स्वतः उभा जन्म माकूळ मासळी सुकवण्यात काढला होता. पेन्शन एवढी की भाडं दिलं तर रॉकेल नाही आणि रॉकेल घेतलं तर तांदूळ नाही. त्यांनी आधी काउंटरवर मिठाईचा डबा ठेवला आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास द्यायला आले, म्हणून हे."

अर्जदाराकडून काही घेणं नियमात बसत नाही. मी डबा तत्काळ परत केला. तोवर आमच्या शाखेतल्या कुणीतरी त्यातला एक लाडू खाल्ला होता, पण परत केला हे महत्त्वाचं.

"नातेवाईक?" मी विचारलं.

"एक धाकटी बहीण आहे. तोमिए. मिनातोहामाला असते."

"तिला पत्र जाईल."

"कसलं पत्र?"

"चौकशीचं. तुमची थोरली बहीण उपाशी आहे, तिला तुम्ही सांभाळू शकता का, अशा अर्थाचं. भाषा अर्थात याहून सभ्य असते."

बाईंचा चेहरा पडला. "साहेब, तिला नका हो कळवू. तिला मी सांगून ठेवलंय, माझं छान चाललंय म्हणून. दर वर्षाअखेरीला मी तिला सुक्या मासळीचं खोकं पाठवते, ती मला सफरचंदं पाठवते. आजवर कधी चुकलं नाही."

"सफरचंदं किती येतात?"

"पेटीभर."

"मग ती उत्पन्नात धरावी लागतील."

त्या हातातल्या पिशवीकडे बघू लागल्या. बहिणीला हे पत्र मिळालंय, ती चष्मा लावून वाचतेय, शेजारीण डोकावून विचारतेय, असं सगळं त्यांना त्या पिशवीत दिसत असावं. आमच्याकडे माणूस उपाशी राहू शकतो, पण आपल्या उपासाचा दुसऱ्याच्या घरी बोभाटा झालेला त्याला सोसत नाही. आमची शाखा उभी आहे ती याच राष्ट्रीय सद्गुणावर.

"मागे घेते मी अर्ज," त्या म्हणाल्या. "उगीच तुमचा वेळ घेतला."

मागे घेण्याचा कागद मी भरूनच ठेवला होता. अर्जदाराने स्वेच्छेने अर्ज मागे घेतला, अशी नोंद झाली.

पुढच्या पंधरवड्यात स्टेशनाजवळच्या पोलीस चौकीतून हवालदार इनोमातांचा फोन आला. बाईंनी उत्सुमींच्या सुपरमार्केटमधून तळलेल्या बांगड्याचं पाकीट उचललं होतं आणि त्यांच्या पिशवीत माझं नाव लिहिलेली चिठ्ठी सापडली होती. मी गेलो. चौकीत शेगडी रसरशीत पेटली होती. तिच्यापुढे बाई बसल्या होत्या आणि इनोमातांनी स्वतःसाठी आणलेल्या नूडल्स खात होत्या.

"जरा बघा तर काय चोरलंय," इनोमाता मला म्हणाले. पाकिटावर निम्म्या किमतीचं पिवळं लेबल होतं. "संध्याकाळी दुकानाचा माणूस लेबल लावायला येईपर्यंत या तिथेच थांबल्या होत्या म्हणे. लेबल लागलं, मग उचललं."

"पूर्ण किमतीचं चोरायला मन धजेना हो," बाई म्हणाल्या.

"साहेब, यांना घेऊन जा. नातेवाइकाने सही केल्याशिवाय मला सोडता येत नाही."

"मी त्यांचा नातेवाईक नाही."

"मग मी आहे का?"

"भांडू नका तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी इथे बरी आहे. कुणाचं काही अडलेलं नाही."

आणि मग नूडल्सचा वाडगा खाली ठेवून त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली, जी आमच्या प्रशिक्षण संस्थेत अजून कुणाच्या ध्यानात आलेली नाही. "साहेब, तुमच्याकडेही विचारतात नातेवाईक कोण, इथेही विचारतात नातेवाईक कोण. तुमच्याकडे नाव सांगितलं नाही तर घरी जा म्हणतात. इथे नाव सांगितलं नाही तर घरी जाऊ देत नाहीत."

त्या दिवशी उत्सुमींनाच लाज वाटली. आपल्या दुकानापायी एका म्हातारीला चौकीत बसावं लागलं म्हणून त्यांनी तिचीच माफी मागितली आणि तक्रार मागे घेतली. बाईंना घरी जावं लागलं. जाताना त्यांनी शेगडीकडे वळून पाहिलं, ते मला मुळीच आवडलं नाही. सरकारी शेगडीकडे माणसाने असं बघू नये.

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा चोरी केली. या खेपेला पाकिटाच्या जागी फळीवर नाणी ठेवली होती, नीट चळत लावून.

इनोमातांनी डोक्याला हात लावला. "आजी, चोरी करायची तर धड करा! पैसे ठेवले की तिला खरेदी म्हणतात. मी कुठलं कलम लावू?"

"पण फुकट कसं घ्यायचं? दुकानातल्या त्या पोराने पहाटे उठून तळलेलं असतं."

हे सगळं मी आमचे शाखाप्रमुख तोकुनागासाहेब यांच्या कानावर घातलं, ते निव्वळ गंमत म्हणून. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा पुढे योजना येते.

"तुरुंगाचा खर्च कोण करतं, शिओझाकी?"

"केंद्र सरकार."

"सगळा?"

"सगळा."

"आणि जीवनसाहाय्याचा?"

"त्यातला काही भाग आपल्या नगरपालिकेचा. पण साहेब, त्याच माणसाला तुरुंगात ठेवलं तर दुपटीहून जास्त खर्च येतो."

"कुणाला?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हणून तर ते प्रमुख आहेत आणि मी लिपिक.

अशा रीतीने 'पर्यायी निवास मार्गदर्शन' ही योजना जन्माला आली. ज्यांनी अर्ज स्वेच्छेने मागे घेतला असेल, अशा वृद्धांसाठी दर बुधवारी समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. धड चोरी शिकवायला इनोमाता होते. वर्ग त्यांना फार जड गेला. विद्यार्थी वेळेआधी यायचे, चपला ओळीत लावायचे आणि सरावासाठी टेबलावर मांडलेल्या भाताच्या मुटक्यांना आधी नमस्कार करायचे. एका आजोबांना मुटका खिशात घालायचं साधलं, पण दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि पावती मागू लागले. उत्सुमींनीही सहकार्य केलं. दाराजवळ एक बसकी फळी लावली, म्हाताऱ्यांना हात उंच करायला नको म्हणून, आणि वर पाटी लावली: कृपया येथे पैसे ठेवू नयेत.

हिसानोबाईंना जमेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर बर्फ साचला होता आणि त्या घरात अंथरुणातच कोट घालून बसू लागल्या होत्या. शेवटी जमलं, खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, "पश्चात्ताप होतोय?"

"फार होतोय," बाई म्हणाल्या. "त्या दुकानदाराला तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

सरकारी खर्चाने दिलेल्या वकिलाने कपाळाला हात लावला. पश्चात्ताप झालेल्या माणसाला घरी सोडायची पद्धत आहे. पण न्यायाधीश अनुभवी होते. खिडकीबाहेर बघून त्यांनी दोन हिवाळे पुरेल एवढी शिक्षा दिली.

तुरुंगातून मला बाईंचं कार्ड आलं. आंघोळीला गरम पाणी असतं, भातात जव घालतात त्यामुळे पोट साफ राहतं आणि इथे कुणी तोमिएचं नाव काढत नाही, आपले उपकार कसे फेडू, असं लिहिलं होतं. तोकुनागासाहेबांनी ते वार्षिक अहवालात छापलं. आजूबाजूच्या नगरपालिकांची शिष्टमंडळं योजना बघायला येऊ लागली. त्यांना आम्ही बसकी फळी दाखवत असू.

चांगल्या योजनेचं जे होतं तेच हिचं झालं, ती सगळ्यांनीच उचलली. वर्षाच्या आत तुरुंग म्हाताऱ्यांनी भरले. भिंतींना धरायला दांडे बसवावे लागले, भात मऊ शिजवावा लागला, पहारेकऱ्यांना माणूस कमरेला त्रास न होता कसा उचलावा याचं शिक्षण द्यावं लागलं. कोठड्यांना रात्री कुलूप घालण्याऐवजी आत दिवा ठेवू लागले, कुणी अडखळून पडू नये म्हणून. शेजारच्या जिल्ह्यात एका तरण्याबांड दरोडेखोराला जागा नाही म्हणून दिलगिरी व्यक्त करून घरी पाठवलं. खर्च तिप्पट झाला, मग केंद्र सरकारला जाग आली.

सरकारने साहाय्य वाढवलं असतं तर सगळे तुरुंग महिन्याभरात ओस पडले असते, असं कुणा प्राध्यापकाने लिहिलं. त्यावर लोक खवळले. आमच्या घामाचा पैसा आयतं बसून खाणाऱ्यांना द्यायचा? दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण त्यांना गजाआड ठेवा! सरकार लोकांचं ऐकतं. त्याने परिपत्रक काढलं की यापुढे तुरुंग फक्त खरोखर गरजू गुन्हेगारांसाठी राहील. ज्यांना सांभाळायला कुणी नातेवाईक तयार असेल, ते कारावासास अपात्र ठरतील. प्रत्येक वृद्ध कैद्याच्या नातेवाइकांना चौकशीचं पत्र जाईल. तुरुंगाला अशा पत्रांचा अनुभव नसल्यामुळे हे काम जीवनसाहाय्य शाखांकडे सोपवण्यात येत आहे.

दुसरा हिवाळा तोंडावर असताना हिसानोबाई पुन्हा माझ्या काउंटरसमोर येऊन बसल्या. गालांवर थोडं मांस आलं होतं. सोबतच्या पहारेकरीणबाईने बेड्या दाराशीच काढून खिशात ठेवल्या होत्या.

"आजी, तोमिएबाईंना पत्र पाठवावं लागेल."

"मग मी शिक्षा मागे घेते."

"शिक्षा मागे घेता येत नाही. तो अर्ज नव्हे."

बाईंनी काउंटरची कड घट्ट धरली. "साहेब, हे टाळायला मी चोर झाले! इनोमातांच्या वर्गात पोरासोरासारखी बसले, कोर्टात उभी राहिले. माणसाने आणखी काय करायचं? आणि गेल्या वर्षाअखेरीला तिची सफरचंदं आली नाहीत, तुरुंगात जायच्या आधीचीच गोष्ट. तेव्हापासून मला धास्ती आहे, तिला कुणीतरी सांगितलं की काय."

मला वाईट वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लिपिकांना वाईट वाटत नाही असा लोकांचा समज आहे. मला वाईट वाटलं आणि मी पत्र पाठवलं.

उत्तर आठवड्यात आलं. "सांभाळण्यास तयार आहे" या रकान्यात ठळक खूण होती. अशी खूण मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ताईला खुशाल माझ्याकडे पाठवा. खोलीत सहाजणी आहोत, पण सरकून घेऊ. जेवण गरम असतं. फक्त माझा पत्ता तिला दाखवू नका. तिला सांगा, मी नोकरीला लागले आहे आणि राहायची सोय नोकरीतच आहे."

पत्ता मिनातोहामाच्या महिला तुरुंगाचा होता.

मी तो बाईंना दाखवायला नको होता. पण कागद काउंटरवर होता आणि बाईंची नजर लांबचं अजून चांगलं वाचते. त्यांनी तोंडावर हात ठेवला. आधी मला वाटलं त्या हसताहेत. हसतच होत्या. "तोमिएपण?" म्हणाल्या. "म्हणून सफरचंदं नाहीत! अगं बाई, आणि मी इथे..." मग त्या रडत राहिल्या आणि पहारेकरीणबाई त्यांची पाठ चोळत राहिली.

मी फाइल साहेबांकडे नेली.

"यात अडचण काय आहे?" तोकुनागासाहेब म्हणाले. "नातेवाईक तयार आहे. खूण आहे, सही आहे. बाई कारावासास अपात्र."

"पण साहेब, ती नातेवाईक स्वतः तुरुंगात आहे."

"घर कुठल्या प्रकारचं आहे, असा रकाना आहे का कागदावर?"

"नाही."

"मग तुम्ही का वाढवताय?"

हिसानोबाईंना सोडण्यात आलं आणि बहिणीच्या पत्त्यावर पाठवण्यात आलं. मिनातोहामाच्या फाटकावरच्या शिपायाने त्यांना अदबीने अडवलं. "आजी, आत यायला गुन्हा लागतो."

"केलाय की."

"तो किताउराचा. त्यातून तुम्ही सुटलात."

"माझी बहीण सरकून घेणार आहे."

"त्यांनी सरकून घेतलं तरी मला लिहायला काहीतरी लागेल ना?"

त्या परत आल्या. मी त्यांना नव्याने साहाय्याचा अर्ज दिला. त्यात पहिलाच प्रश्न होता, सांभाळायला तयार असलेला नातेवाईक आहे काय. आता असा नातेवाईक सरकारदप्तरी सिद्ध झाला होता. बाई दोन्हीकडून अपात्र ठरल्या. फाइल बंद झाली. केंद्राचाही खर्च वाचला आणि आमचाही. तोकुनागासाहेब म्हणाले की अशी निर्दोष फाइल त्यांनी पाहिलेली नाही.

पण बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: भेटीच्या वेळा. कैद्याला भेटायचं तर नातं सिद्ध करावं लागतं, आणि त्यांच्याकडे तर आमच्याच शाखेचं शिक्क्याचं पत्र होतं. त्या भेटीच्या प्रत्येक दिवशी बसने मिनातोहामाला जाऊ लागल्या. काचेच्या एका बाजूला तोमिएबाई, दुसऱ्या बाजूला या. दोघींनी जन्मभर एकमेकींना आपलं छान चाललंय असं सांगितलं होतं, आता पहिल्यांदाच खरं बोलायला सुरुवात झाली. पहारेकरी सांगतात की तोमिएबाईंनी आपण काय चोरलं हे सांगितलं तेव्हा हिसानोबाई काचेवर हात मारून ओरडल्या, "तेवढं जड कशाला उचललंस गं, कंबर दुखते ना तुझी!"

भेट थोडा वेळच असे. ती संपली की हिसानोबाई बाहेरच्या प्रतीक्षागृहात शेवटच्या बसपर्यंत बसून राहायच्या. तिथे हीटर होता. कुणीतरी चहा द्यायचं, कैद्यांच्या जेवणातला उरलेला भात द्यायचं. घरातलं रॉकेल वाचायचं, हाडं शेकून निघायची. हीटर एरवीही चालूच असे, त्यामुळे यात कुणाचा एक येनही जास्त जात नव्हता. दोन वर्षांत केलेल्या सगळ्या सोयींत ही सर्वांत स्वस्त होती. तिच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी ती कुठे नोंदवली नाही.

मग कुठल्याशा बातमीदाराने त्यावर लिहिलं. त्याने कौतुकाने लिहिलं होतं, दोघी बहिणींचा काचेला हात लावलेला फोटोही होता. पण फोटोत कोपऱ्यात हीटर आला.

आमच्याकडे गल्लीतल्या सूचना एका पाटीला अडकवून घरोघर फिरतात. वाचायचं, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा, पाटी शेजाऱ्याच्या दारात नेऊन द्यायची. कचरा कुठल्या वारी टाकायचा, बर्फ कुणी कुठला उपसायचा, सगळं असंच कळतं. त्या आठवड्यात पाटीवर एक विनंतीपत्र लावलेलं होतं. करदात्यांच्या पैशावर तुरुंगाच्या प्रतीक्षागृहात हीटर चालवणं तातडीने थांबवावं, असं त्यात म्हटलं होतं. पाटी कुठेही अडकली नाही. दोन दिवसांत अख्खं शहर फिरून ती माझ्या टेबलावर आली. एकही घर सुटलं नव्हतं. असं एकमत आमच्या शहरात कचऱ्याच्या वारावरूनही झालेलं नाही. नवं वर्ष लागायच्या आत हीटर बंद झाला.

हिसानोबाई अजून जातात. बाकावर कोट घालून बसतात. हल्ली खोकतात.

शिक्के तपासताना मला त्यांचाही शिक्का दिसला. बस थांब्यावर गाठून मी विचारलं, "आजी, तुम्ही कशावर शिक्का मारलात ते वाचलं नव्हतं का?"

"वाचलं की. चष्मा लावून दोनदा वाचलं."

"मग मारलात कसा?"

"अहो, सगळ्या गल्लीचे शिक्के झाले होते. पाटी माझ्याच घरी अडकून राहिली असती तर लोकांना काय वाटलं असतं?"

पाटी माझ्यासमोर आहे. त्यांचा शिक्का अगदी चौकटीत बसलेला आहे. त्याच्या शेजारीच, वाचकहो, तुमचा आहे, जरा तिरका आणि घाईत मारलेला. त्यांनी निदान वाचून मारला होता.